गाद्या वाहणारे प्राध्यापक

जुन्या वाड्यातल्या बैठकीत गाणे ऐकण्याची ज्यांच्या कानाला सवय आहे, त्यांना नव्या घरातले गाणे का रुचत नाही, हा प्रश्न अलीकडे पुष्कळांना पडू लागला आहे. दिवाणखाना, जेवणघर आणि स्वयंपाकघर यांमधल्या भिंती गेल्या आणि तिन्ही मिळून एकच प्रशस्त दालन झाले. खाली गुळगुळीत फरशी आली, समोर छतापर्यंत काच आली. अशा दालनात मोठ्या हौसेने आणलेला ध्वनिसंच लावला, की तंबोऱ्याची जवारी कानाला टोचू लागते आणि सतारीचा झाला पत्र्यावर पाऊस पडावा तसा वाजतो. घरधनी यंत्राला दोष देतो, अधिक किमतीचे यंत्र आणतो आणि तेच दुखणे पुन्हा भोगतो. दोष पुष्कळदा यंत्राचा नसून खोलीचा असतो, आणि तो मोजता येतो, हे दाखवून देणारे पहिले शास्त्रज्ञ म्हणजे अमेरिकेतील प्राध्यापक वॉलेस क्लेमेंट सेबाइन. त्यांचे चरित्र संगीताच्या रसिकांनी जाणून घ्यावे असे आहे.

सेबाइन यांचा जन्म १३ जून १८६८ रोजी ओहायो राज्यातील रिचवुड या लहानशा गावी झाला. बुद्धी इतकी तल्लख, की वयाच्या अठराव्या वर्षीच, १८८६ साली, त्यांनी ओहायोच्या विद्यापीठाची पदवी मिळवली. पुढे ते हार्वर्ड विद्यापीठात गेले, १८८८ साली एम. ए. झाले आणि तेथेच पदार्थविज्ञान शिकवू लागले. डॉक्टरेटसाठी प्रबंध असा त्यांनी कधी लिहिलाच नाही. शिकवण्यात त्यांचे मन रमले होते, आणि नाव गाजवण्याची त्यांना फारशी हौस नव्हती.

१८९५ साली हार्वर्डमध्ये फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत उभी राहिली. इमारत देखणी, पण तिच्यातील व्याख्यानगृहात वक्त्याचा एक शब्द कळेल तर शपथ! उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही आणि तोवर वक्ता पुढचे वाक्य बोलून मोकळा झालेला असे. सगळे शब्द एकमेकांच्या अंगावर पडत. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी हे दुखणे दूर करण्याचे काम सत्तावीस वर्षांच्या सेबाइन यांच्यावर सोपवले. अशा प्रश्नावर तोवर शास्त्राजवळ अंदाजांपलीकडे काही नव्हते.

सेबाइन यांनी अवलंबलेला मार्ग आजही ऐकताना गंमत वाटते. जवळच सँडर्स नाट्यगृह होते, आणि तेथल्या आसनांवर गाद्या होत्या. शहराची वर्दळ थांबली, की मध्यरात्री आपल्या साहाय्यकांसह सेबाइन त्या गाद्या उचलून फॉगच्या व्याख्यानगृहात नेत. ऑर्गनच्या एका नळीतून सेकंदाला ५१२ कंपनांचा सूर काढायचा, तो एकदम थांबवायचा आणि त्याची आस कानाला ऐकू येईनाशी होईपर्यंतचा काळ मोजायचा. मग आणखी काही गाद्या मांडायच्या आणि पुन्हा मोजायचे. सकाळी नाट्यगृहाला गाद्या हव्या असत, म्हणून पहाटेपूर्वी त्या सगळ्या परत जागेवर! सर्व आसने गाद्यांनी झाकल्यावर निनाद सुमारे दोन सेकंदांवर आला. पुढे वाटा, व्यासपीठ आणि मागची भिंतही झाकली, तेव्हा तो एका सेकंदाच्या थोडा वर राहिला. हा क्रम एकदोन रात्रींचा नव्हे, कित्येक महिन्यांचा होता.

त्यांच्या कसोशीचे एक उदाहरण तर विलक्षण आहे. एकदा त्यांच्या ध्यानात आले, की मोजणाऱ्याच्या अंगावरचे कपडेही थोडा नाद शोषून घेतात, आणि आपले कपडे रोज सारखे नव्हते. हजारो मोजण्या हाताशी होत्या, फरक अगदी बारीक होता, आणि कोणी विचारणारेही नव्हते. तरीही त्यांनी त्या सगळ्या मोजण्या टाकून दिल्या आणि त्यापुढे प्रत्येक प्रयोगाला तोच पोशाख घालून ते बसू लागले. बेसूर लागलेली एक जागा सुधारण्यासाठी सगळा पलटा पहिल्यापासून घोटणाऱ्या साधकाची जात ती हीच.

फॉगच्या भिंतींवर नमदा बसवून ते व्याख्यानगृह कामचलाऊ झाले, पण ज्याच्यावरून कोणत्याही दालनाचे भाकीत करता यावे, तो नियम अद्याप हाती लागला नव्हता. १८९८ साली बॉस्टनच्या नव्या संगीतगृहासाठी सल्ला देण्याची वेळ आली आणि एलियट यांनी त्यांचेच नाव सुचवले. नियम हाती नसताना लक्षावधी डॉलरांच्या वास्तूची जबाबदारी कशी घ्यावी, या विवंचनेत ते आपल्या टिपणवह्या पुन्हापुन्हा चाळीत बसले. त्या शरदऋतूतील एका संध्याकाळी सर्व आकडे एका वक्ररेषेवर बसत असल्याचे त्यांना दिसले, आणि एरवी अबोल असलेल्या या गृहस्थांनी आनंदाने आईला हाक मारून ही वार्ता सांगितली.

तो नियम सामान्य माणसालाही समजेल इतका सरळ आहे. दालन जितके मोठे, तितका निनाद लांबतो. आणि दालनात नाद शोषणारे जितके अधिक, तितका तो आखूड होतो. शोषण मोजायला त्यांनी उघड्या खिडकीचे माप धरले, कारण खिडकीतून बाहेर गेलेला सूर परत येत नाही. गालिचा, पडदा, लाकूड, गिलावा आणि खुद्द श्रोता यांचे मोल त्यांनी याच मापाने ठरवले.

या नियमाच्या आधारे, मॅकिम, मीड अँड व्हाइट या वास्तुविशारदांबरोबर काम करून, सेबाइन यांनी बॉस्टनच्या सिंफनी हॉलला लांबट पेटीसारखी घडण दिली. १५ ऑक्टोबर १९०० रोजी तो खुला झाला. आरंभी काही समीक्षकांनी नाके मुरडली, पण आज व्हिएन्ना आणि ॲमस्टरडॅम येथील संगीतगृहांच्या पंक्तीत त्याचे नाव घेतले जाते. गणित करून बांधलेले ते पहिले संगीतगृह होय.

आम्हा संगीतवाल्यांना सर्वांत जिव्हाळ्याचा वाटावा असा प्रयोग १९०२ सालचा. बॉस्टनच्या न्यू इंग्लंड संगीतविद्यालयातील पियानोच्या खोल्या शिक्षकांना पसंत नव्हत्या. सेबाइन यांनी पाच खोल्यांत एकेक करून गाद्या आणवल्या. पियानो वाजवला जाई, जाणकार ऐकत, आणि आता ठीक असे त्यांचे मत पडले की आणणे थांबे. नंतर हिशेब केला, तेव्हा पाचही खोल्यांतला निनाद १.०८ सेकंदाच्या आसपास भरला. कोणाला आकडा ठाऊक नव्हता, तरी सर्वांचे कान एकाच जागी आले. रसिकाची आवड म्हणजे लहर नव्हे, तिच्यात अचूकपणा आहे, हे एका शास्त्रज्ञाने सिद्ध केले.

सर्व सूर सारखे शोषले जात नाहीत, हेही त्यांनीच मोजले. कापड, नमदा अशा वस्तू उंच सूर चटकन गिळतात, खर्ज मात्र पुष्कळसा तसाच राहतो. म्हणून पातळ पडद्यांनीच खोली भरली, तर टोचणारा तारस्वर जाईल, पण खालचा गुंजारव उरून गाणे जड होईल.

पुढे १९०६ पासून सेबाइन हार्वर्डच्या उपयोजित विज्ञान शाखेचे प्रमुख झाले. पहिल्या महायुद्धात युरोपात आणि नंतर वॉशिंग्टनमध्ये त्यांनी विमानदळासाठी काम केले. प्रकृती ढासळली होती, पण विश्रांती घेणे त्यांना मानवेना. त्यांच्या प्रयोगांसाठी इलिनॉय राज्यात रिव्हरबँक येथे खास प्रयोगशाळा उभी राहिली, मात्र तिच्यात काम करण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. १० जानेवारी १९१९ रोजी, अवघ्या पन्नासाव्या वर्षी, मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. त्यांचे निबंध १९२२ साली ग्रंथरूपाने निघाले, आणि नादशोषणाच्या मापाला त्यांचेच नाव मिळाले.

आता आपल्या घराकडे वळू. भिंती पाडल्याने तीन खोल्यांची पोकळी एक झाली, म्हणजे निनाद वाढला. फरशी आणि काच नाद परतवतात, म्हणजे तो आणखी वाढला. आपल्या जुन्या बैठकींत सतरंज्या, गाद्या, लोड, तक्के, जाड पडदे आणि दाटीवाटीने बसलेली माणसे असत. सेबाइन ज्या गाद्या रात्री वाहून नेत, त्या आपल्याकडे आधीच अंथरलेल्या होत्या. तेव्हा यंत्र बदलण्यापूर्वी दालनाच्या मध्यावर उभे राहून एक टाळी वाजवून पाहावी. ती झणझणली, तर स्पीकरपुढच्या फरशीवर जाड सतरंजी घालावी, काचेवर चुण्यांचा भरघोस पडदा सोडावा, रिकाम्या भिंतीशी पुस्तकांचे कपाट ठेवावे. मात्र एका वेळी एकच वस्तू आणावी, ओळखीची एकच चीज लावावी आणि ऐकावे. तंबोरा गोड लागला की थांबावे. त्यापुढे खोली मुकी होते. त्या पाच खोल्यांतल्या शिक्षकांजवळ यापेक्षा निराळे साधन नव्हते, आणि ते चुकले नाहीत.