ढाल तुटल्यावर

मित्रांनो, पॅराग्लायडिंगचा हार्नेस अंगात घातला की झालं, असं नसतं. आधी तो जमिनीवरच टांगून त्यात बसून बघायचं. खांद्याचे पट्टे फार सैल असले तर शरीर मागे कलतं. फार घट्ट असले तर पाठ वाकते आणि उडाल्यावर सीटवर नीट सरकता येत नाही. मांड्यांचे पट्टे लावायचे राहिले तर मग खेळच खलास! साधन अंगाला बसलंच पाहिजे. हे वाचताना मला आठवले उमरठचे तानाजी मालुसरे.

पोलादपूर तालुक्यातलं उमरठ हे त्यांचं गाव. शिवाजी महाराजांचे ते जुने, विश्वासू साथीदार. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांकडे गेले, त्यात कोंढाणाही होता. १६७० मध्ये महाराजांनी किल्ले परत घ्यायला सुरुवात केली आणि कोंढाण्याची कामगिरी तानाजींनी अंगावर घेतली. घरात मुलाचं, रायबाचं लग्न ठरलं होतं, असं सांगतात. ते मागे राहिलं.

४ फेब्रुवारी १६७० ची रात्र. घोरपडीची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय, पण ती पोवाड्यातली. सभासद बखरीत घोरपड नाहीच! तिथे दोन निवडक मावळे आधी कडा चढून जातात आणि त्यांनी लावलेल्या माळेवरून, म्हणजे दोराच्या शिडीवरून, बाकीचे सुमारे ३०० जण वर येतात. ना हेल्मेट, ना कॅराबिनर. सगळ्यांचा जीव त्या पहिल्या दोघांनी बांधलेल्या गाठीवर!

वर किल्लेदार उदयभान राठोडशी गाठ पडली. ऐन लढाईत तानाजींची ढाल तुटली. दुसरी वेळेवर मिळाली नाही. मग त्यांनी डाव्या हातालाच वस्त्र गुंडाळलं, त्याचीच ढाल केली आणि त्यावर वार झेलत लढले. शेवटी दोघेही पडले. पण भाऊ सूर्याजींनी माणसं सावरली आणि गड घेतला.

मढे घाटातून तानाजींचा देह गावी आणला, असं म्हणतात. उमरठला त्यांची समाधी आहे.

तुटलेलं साधन बदलायला तानाजींना क्षणभरही मिळाला नाही. आपल्याला पट्टे सारखे करायला जमिनीवर हवा तेवढा वेळ असतो. तेव्हा मित्रांनो, उडायच्या आधी प्रत्येक बकल एकदा हाताने ओढून बघाच!