शेतीत मन रमेना, पण कड्या अचूक मोजल्या! न्यूटनच्या दोन भिंगांची गोष्ट

पावसाच्या डबक्यात डिझेल सांडलं की रंगीत पट्टे उमटतात. मोबाईलचा स्क्रीनगार्ड नीट बसला नाही, तरी तसेच रंगीत गोल दिसतात. हे रंग काटेकोरपणे मोजणारा माणूस शेतकऱ्याच्या घरातला होता. त्याचं नाव आयझॅक न्यूटन.

तिथल्या तेव्हाच्या दिनदर्शिकेप्रमाणे १६४२ च्या नाताळात इंग्लंडमधल्या वूल्सथॉर्प खेड्यात त्याचा जन्म झाला. वडील त्याआधीच वारले होते. तो तीन वर्षांचा असताना आईने दुसरं लग्न केलं अन् पोरगं आजीकडे राहिलं. पुढे आईने शाळा सोडायला लावून त्याला शेतीत घातलं. पण त्याचं मन काही रमेना. शेवटी मामा आणि मास्तरांनी आईला समजावलं. पुन्हा शाळा सुरू झाली आणि १६६१ मध्ये तो केंब्रिजला पोहोचला.

दाबलेल्या काचांमधले रंग रॉबर्ट हूकने १६६५ च्या पुस्तकात आधीच नोंदवले होते. पण काचांमधली फट इतकी बारीक, की ती मोजायची कशी हे त्याला जमलं नाही.

न्यूटनने युक्ती केली. दुर्बिणीच्या मोठ्या फुगीर भिंगावर दुसऱ्या भिंगाची सपाट बाजू ठेवली. मध्ये दोन्ही टेकतात, कडेला फट वाढत जाते. मधोमध काळा ठिपका आणि भोवती रंगीत कड्या दिसल्या. भिंगाचा बाक आणि कडीची रुंदी यांवरून त्याने फट काढली. पहिल्या काळ्या कडीपाशी ती इंचाच्या ८९,००० व्या भागाएवढी भरली!

१६७५ मध्ये हे काम रॉयल सोसायटीपुढे आलं, तेव्हा यातलं बरंचसं आपलंच आहे, असं हूकचं म्हणणं पडलं. दोघांचं आधीपासूनच पटत नव्हतं. हूक १७०३ मध्ये वारला. न्यूटनचं प्रकाशावरचं पुस्तक १७०४ मध्ये आलं.

मात्र कड्यांचं कारण सांगताना न्यूटन चुकला. प्रकाश म्हणजे कण, असं तो धरून चालला. १७२७ मध्ये तो गेला. खरं कारण १८०१ च्या सुमारास थॉमस यंगने मांडलं. प्रकाश लाटांसारखा वागतो. फटीच्या वरच्या आणि खालच्या काचेवरून दोन लाटा परततात. उंचवट्यावर उंचवटा आला तर उजेड, उंचवट्यावर खळगा आला तर अंधार.

अन् लाटांची लांबी काढायला यंगने आकडे वापरले ते न्यूटनचेच! कारण चुकलं होतं, मोजमाप नाही. आजही भिंग नीट घासलं गेलंय का, हे कारागीर याच कड्या बघून तपासतात.