बिशप मातेउस द कास्त्रो : ख्रिस्तसभेत राहूनच न्याय मागणारे धर्मगुरू



जऊळक्यासारख्या लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. त्यामुळे चर्चमध्ये एखादी गोष्ट खटकली तरी आपण बोलत नाही. फादरांविरुद्ध बोललो तर पाप लागेल का? उद्या लेकराचा बाप्तिस्मा, घरातले लग्न, म्हाताऱ्या आईची अंत्यविधी मिस्सा यांत अडचण येईल का? अशा भीतीने काही जण गप्प बसतात, तर काही जण चिडून चर्चला येणेच बंद करतात. या दोन्ही वाटा सोडून तिसऱ्या वाटेने गेलेल्या एका धर्मगुरूची ओळख आम्ही या रविवारी करून देत आहोत. ते आपल्याच किनाऱ्यावरचे, गोव्याचे होते. त्यांचे नाव मातेउस द कास्त्रो. लॅटिन विधीचे पहिले भारतीय बिशप म्हणून इतिहास त्यांना ओळखतो.

मातेउस यांचा जन्म १५९४ च्या सुमारास गोव्यातील दिवाडी बेटावर एका ब्राह्मण ख्रिस्ती घराण्यात झाला. बार्देशातील रेइश मागुश येथे फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या विद्यालयात ते शिकले. धर्मगुरू व्हावे ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. अभ्यास होता, वर्तन चांगले होते, परंतु दीक्षा मिळेना. त्या काळात गोव्याच्या आर्चबिशपांनी ब्राह्मण तरुणांना दीक्षा द्यायचीच नाही, असा हट्ट धरला होता. ज्या स्थानिक धर्मगुरूंना दीक्षा मिळे, त्यांनाही गोऱ्या धर्मगुरूंच्या हाताखाली मदतनीस म्हणूनच राहावे लागे. धर्मग्रामाचा कारभार आणि मानाच्या जागा त्यांच्यापासून दूरच ठेवल्या जात.

हे असे का चालले होते, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. पोपनी पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील मिशन कार्याचे अधिकार दिले होते. बिशपांची नावे राजा सुचवी आणि चर्चचा खर्च उचलण्याची जबाबदारीही त्याचीच असे. याला पाद्रोआदो म्हणत. सुरुवातीला या व्यवस्थेमुळे सुवार्ता दूरवर पोचली. पण सत्ता आणि सेवा एकाच हातात आली की काय होते, हे पुढे दिसू लागले. तक्रार करायची तरी कोणाकडे? तक्रार ज्यांच्याविरुद्ध, निवाडाही त्यांच्याच हातात!

गोव्यात दार बंद झाले तेव्हा मातेउस यांनी धर्म सोडला नाही की वेगळा गटही काढला नाही. त्यांनी ख्रिस्तसभेतीलच वरचे दार ठोठावायचे ठरवले. १६२१ च्या सुमारास ते खुष्कीच्या मार्गाने निघाले आणि इराण व पश्चिम आशियातून १६२५ मध्ये रोमला पोचले. चार वर्षांचा हा प्रवास होता. आज आपण सकाळी एसटीने निघालो तर दुपारपर्यंत अमरावतीला बिशपांच्या दारी उभे राहू शकतो. तरीही एक पत्र लिहायला आपला हात थरथरतो!

ते रोमला पोचले ती वेळ चांगली होती. १६२२ मध्ये पोपनी श्रद्धाप्रसारासाठी प्रोपागांडा फिदे नावाची संस्था स्थापन केली होती. मिशनचे काम राजांच्या हातून सोडवून ख्रिस्तसभेच्या हाती आणणे आणि त्या त्या देशातले धर्मगुरू तयार करणे, हा तिचा हेतू होता. तिचे सचिव फ्रान्चेस्को इंगोली यांनी या गोव्याच्या तरुणाचे म्हणणे ऐकून घेतले. मातेउस यांनी रोममध्ये शिक्षण पूर्ण केले आणि १६३० च्या सुमारास त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

पोपच्या अधिकाराची पत्रे घेऊन ते १६३३ मध्ये गोव्यात परतले. तेथील अधिकाऱ्यांनी ती पत्रे मानलीच नाहीत. मातेउस यांनी पुन्हा रोमची वाट धरली. या वेळी रोमने वेगळा मार्ग काढला. १६३७ मध्ये त्यांना क्रिसोपोलिसचे नामधारी बिशप म्हणून अभिषेक झाला आणि आदिलशाही मुलखासाठी पोपचा थेट प्रतिनिधी, म्हणजे व्हिकर अपॉस्टॉलिक, म्हणून त्यांची नेमणूक झाली. हा मुलूख पोर्तुगीज सत्तेबाहेरचा होता, त्यामुळे तिथे राजाचा हुकूम चालणार नव्हता.

बिशप होऊनही अपमान संपला नाही. १६३९ मध्ये ते परतले तेव्हा गोव्यातील वरिष्ठांनी त्यांचे अधिकार नाकारले. त्यांनी दिलेल्या गुरुदीक्षांवर शंका घेतली गेली. त्यांच्या रंगावरून त्यांना हिणवले गेले, आणि हिणवणारे लोक स्वतः वेदीवर उभे राहणारे होते. बिशप मातेउस यांनी आदिलशाही मुलखात राहून काम केले आणि स्थानिक तरुणांना दीक्षा दिली. डिचोली हे त्यांचे मुख्य ठाणे होते. डिचोली आज गोव्यात असली तरी त्या वेळी ती विजापूरच्या अमलाखाली होती. पुढे ते न्याय मागायला तिसऱ्यांदा रोमला गेले. तेव्हा इथिओपियाची जबाबदारी त्यांच्यावर सोपवण्यात आली, पण त्या देशात त्यांना प्रवेश मिळू शकला नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की सगळा दोष एकाच बाजूला होता. तसे लिहिले तर ते खरे होणार नाही. बिशप मातेउस स्वभावाने तापट होते आणि त्यांची लेखणी जहाल होती. दीक्षा देताना ते घाई करतात असा आक्षेप त्यांच्यावर होता. त्यांचे भांडण मुख्यतः ब्राह्मण ख्रिस्ती लोकांच्या हक्कांसाठी होते. ज्या जातींना गावकुसाबाहेर ठेवले जाई, त्या ख्रिस्ती बांधवांचा कैवार त्यांनी तसा घेतला नाही. आपल्यावर झालेला अन्याय दिसतो, पण आपल्या शेजाऱ्यावर होणारा अन्याय दिसत नाही! हा दोष चारशे वर्षांपूर्वीचा असला तरी आपल्याला अगदी परका नाही. १६५३ मध्ये त्यांनी गोव्याच्या ब्राह्मण ख्रिस्ती लोकांना उद्देशून अतिशय कडक लेखन केले. पुढच्याच वर्षी आदिलशाही फौज गोव्यावर चालून आली, तेव्हा यामागे बिशप मातेउसच आहेत असा आरोप पोर्तुगीजांनी केला. अन्यायाविरुद्धचा राग किती दूर नेऊ शकतो आणि त्याने आपलेच म्हणणे कसे दुबळे होते, हेही या चरित्रात शिकायला मिळते.

१६५८ मध्ये ते अखेरचे रोमला गेले. उरलेले आयुष्य त्यांनी तिथेच काढले आणि मायदेशाची माती त्यांना पुन्हा दिसली नाही. हे चरित्र अपयशाचे आहे, असे कोणी म्हणेल. पण पुढे काय झाले ते पाहू या. १६६९ मध्ये त्यांचे भाचे कुस्तोदियो द पिन्हो व्हिकर अपॉस्टॉलिक झाले, तर १६७४ मध्ये नातलग तोमास द कास्त्रो यांना कानडा मुलखाची जबाबदारी मिळाली. विजापूरच्या त्याच व्हिकरिएटमधून पुढे मुंबईचा महाधर्मप्रांत घडत गेला. १९२३ मध्ये तिबुर्तियस रोश तुतिकोरिनचे बिशप झाले. १९५३ मध्ये मुंबईचे आर्चबिशप वालेरियन ग्रेशस हे पहिले भारतीय कार्डिनल झाले. १९५५ मध्ये आपला अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला. आज आपल्या वेदीवर आपल्याच देशाचे धर्मगुरू मिस्सा अर्पण करतात आणि त्याचे आपल्याला नवलही वाटत नाही. कोणीतरी चार-चार वेळा रोमची वाट तुडवली, म्हणून हे नवल संपले.

आता आपल्यापुरते पाहू या. धर्मगुरूंचा मान राखणे हे आपले कर्तव्य आहे आणि बहुतेक धर्मगुरू तो मान कष्टाने मिळवतात. पण मान राखणे म्हणजे चुकीकडे डोळेझाक करणे नव्हे. अंत्युखियात संत पौलाने संत पेत्राला सर्वांसमोर त्याची चूक दाखवली, हे आपण गलतीकरांच्या पत्रात वाचतो. दोघेही संत झाले! मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने क्रमच सांगितला आहे : आधी त्या व्यक्तीशी एकांतात बोलावे, ऐकले नाही तर एकदोघांना सोबत न्यावे, तरीही नाही तर मंडळीला सांगावे. १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायद्यात २१२ वे कलम प्रापंचिकांना आपले मत धर्मगुरूंपुढे आदराने मांडण्याचा हक्क देते आणि काही वेळा ते कर्तव्य ठरवते. धर्मग्रामात आर्थिक समिती असली पाहिजे, असेही हा कायदा सांगतो. लैंगिक अत्याचार आणि ते दडपण्याच्या तक्रारींसाठी प्रत्येक धर्मप्रांतात व्यवस्था हवी, असा नियम पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये केला. लहान मुलांवरील अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे हे तर २०१२ च्या कायद्यानेच बंधनकारक आहे. तिथे कोणाची भीड धरायची नाही.

दादागिरी फक्त झगा घातलेलेच करतात असेही नाही. समितीत वर्षानुवर्षे बसलेले, देणगी मोठी म्हणून आवाज मोठा असलेले, गरीब कुटुंबाला मागच्या बाकावर ढकलणारे आपल्यातही असू शकतात. आम्ही स्वतःलाही यातून वगळत नाही.

म्हणून एवढेच सांगावेसे वाटते. बोलायचे असेल तर समोर बोलावे, चर्चच्या आवारात कुजबुज नको. पत्र लिहायचे तर खाली सही करावी, निनावी चिठ्ठी नको. एका माणसाचे धैर्य कमी पडत असेल तर दोघातिघांनी मिळून जावे. आणि जाण्याआधी त्या व्यक्तीसाठी एक आमच्या बापा म्हणावा. बिशप मातेउस यांच्याजवळ धैर्य खूप होते, सौम्यता थोडी कमी पडली. आपल्याला प्रभूकडे दोन्ही मागता येतील.