सोलापूरच्या शेठने भारतात कार बनवायचं ठरवलं, आणि इंग्रज सरकार आडवं आलं

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की कुंभारी येतं. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हे गाव राज्यभर माहीत झालं ते घरकुलांमुळे. आधी विडी कामगार महिलांची १० हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, मग ३० हजार घरांचं रे नगर आलं. रे नगरातल्या पहिल्या १५ हजार घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये दिला गेला.

घर इथं आणि काम शहरात म्हटल्यावर रोजचं जाणं-येणं आलंच. एका बाजूचं अंतर दहा-बारा किलोमीटर. एवढ्यासाठी पेट्रोलची गाडी परवडत नाही. मग मोबाईलवर दिसणारे ते व्हिडिओ आठवतात. जुना सांगाडा, चार बॅटऱ्या, एक मोटर, थोडं वेल्डिंग आणि झाली घरच्या घरी इलेक्ट्रिक कार!

हिशोब तसा जमतो. १२ व्होल्टच्या, १०० अँपिअर-अवरच्या चार बॅटऱ्या जोडल्या की ४८ व्होल्ट होतात आणि त्यात ४.८ युनिट वीज मावते. हलकी चारचाकी किलोमीटरला ०.१ युनिट खाते असं धरा. साधी लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करू नये, म्हणजे हाती राहिली २.४ युनिट. त्यात २४ किलोमीटर होतात. कुंभारीहून सोलापूरला जाऊन यायला जेमतेम पुरेल एवढं.

पण खरा प्रश्न पुढे आहे. यातली मोटर कुठून आली? कंट्रोलर कुठून आला? बाहेरून आणलेले सुटे भाग इथं एकत्र बसवले, तर आपण गाडी बनवली म्हणायचं की नुसती जोडली?

हा प्रश्न आजचा नाही. ८०-८५ वर्षांपूर्वी सोलापूरच्याच एका माणसाने याच प्रश्नावर अख्ख्या इंग्रज सरकारशी डोकं लावलं होतं. त्या माणसाचं नाव शेठ वालचंद हिराचंद दोशी.

सोलापूरचं पोरगं, बार्शीची रेल्वे

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा. घराणं गुजराती बोलणारं, दिगंबर जैन, पण कर्मभूमी सोलापूर. घरात कापसाचा व्यापार आणि सावकारी. पैशांची ददात नव्हती. शिक्षण सोलापूर, मुंबई आणि पुण्यात झालं. मात्र पदवी काही पदरात पडली नाही आणि गडी घरच्या धंद्यात आला.

आता अशा घरातला मुलगा काय करतो? गादीवर बसतो आणि व्याज मोजतो. वालचंदना त्यात रस वाटेना. त्याच काळात त्यांची गाठ लक्ष्मणराव फाटकांशी पडली. फाटक रेल्वेत कारकून होते. रेल्वेची कंत्राटं कशी निघतात, कुठं किती खर्च येतो, याची त्यांना खडानखडा माहिती. फाटकांकडे माहिती होती आणि वालचंदांकडे भांडवल. दोघांनी मिळून बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचं कंत्राट घेतलं.

बार्शी लाइट म्हणजे अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी छोटी गाडी. कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर, लातूर या भागातल्या जुन्या माणसांना ती आजही आठवते. एका सावकाराच्या मुलाला दगड, माती, मजूर आणि वेळापत्रक यांचं गणित याच कामात कळलं.

पुढे कामं वाढत गेली. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. बोरघाटात रेल्वेचे बोगदे खोदण्याचं काम या कंपनीच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक होतं.

जहाजाने शिकवलेला धडा

दरम्यान पहिलं महायुद्ध संपलं होतं. १९१९ साली वालचंदनी नरोत्तम मोरारजी आणि इतर व्यापाऱ्यांबरोबर सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून एक जहाज विकत घेतलं. त्याचं नाव लॉयल्टी. ५ एप्रिल १९१९ ला हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं. आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन साजरा करतो, तो याच प्रवासाची आठवण म्हणून.

पण जहाज असलं म्हणून धंदा होत नाही. समुद्रावर सत्ता होती ब्रिटिश कंपन्यांची. नवा भिडू आला की त्या भाडं एवढं खाली आणायच्या की समोरच्याचं दिवाळं निघावं. सिंधियालाही हेच सोसावं लागलं. शेवटी १९२३ मध्ये करार झाला आणि सिंधियाने किती जहाजं चालवायची यावरच मर्यादा आली. आपल्या देशाचा किनारा, आपला माल, आणि आपल्याच कंपनीला हद्द आखून दिलेली!

नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर १९२९ मध्ये वालचंद सिंधियाचे अध्यक्ष झाले. वाहतुकीची साधनं ज्याच्या हातात, त्याच्या हातात बाजार, हे त्यांना समुद्रावर पक्कं कळलं होतं. पुढची वीसेक वर्षं त्यांनी जे काही केलं, त्याचं मूळ इथं सापडतं.

गाड्या होत्या, मग कारखाना कशाला?

आता तुम्ही म्हणाल, त्या काळी भारतात गाड्या नव्हत्या का? होत्या की. जनरल मोटर्सने १९२८ मध्येच मुंबईत शिवडीला कारखाना टाकला होता. फोर्डही भारतात आली होती. पण या कारखान्यांत गाडी बनत नव्हती, ती जोडली जायची. सुटे भाग पेट्यांमध्ये भरून जहाजाने यायचे आणि इथले कामगार ते बसवायचे. पेटी आली नाही तर कारखाना बंद.

१९३० च्या दशकात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी या विषयाला हात घातला. वय पंचाहत्तरीकडे झुकलेलं, तरी हा माणूस युरोप-अमेरिकेतले मोटार कारखाने पाहून आला आणि भारतात गाडी बनवण्याची योजना त्याने कागदावर मांडली. ती प्रत्यक्षात आणायला वालचंद पुढे सरसावले.

मुंबईत तेव्हा बाळासाहेब खेरांचं काँग्रेस सरकार होतं. कारखान्यात गुंतवलेल्या भांडवलावर व्याजाची हमी द्यायची तयारी या सरकारने दाखवली. मोठ्या अमेरिकन कंपन्यांपैकी क्रायस्लरशी वालचंदांचं जमलं. म्हणजे जागा, पैसा आणि तंत्रज्ञान अशी तिन्ही जुळणी होत आली होती.

आणि १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं.

भारताला न विचारता युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ प्रांतांमधल्या काँग्रेस सरकारांनी राजीनामे दिले. खेर मंत्रिमंडळ गेलं आणि त्याच्यासोबत मुंबई सरकारचा आधारही. वालचंद दिल्लीच्या सरकारकडे गेले. तिथं उत्तर मिळालं की मोटार उद्योग युद्धाच्या कामासाठी गरजेचा नाही. सरकारचा पाठिंबा नाही म्हटल्यावर अमेरिकेतून यंत्रं आणायला परकीय चलनही मिळणं अवघड.

गंमत बघा. युद्ध चालू, सैन्याला हजारो ट्रक लागतायत, आणि ट्रक बनवू शकणारा कारखाना मात्र गरजेचा नाही!

गाडीसाठी गेले, विमान घेऊन आले

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. पण याच धावपळीत एक भलताच योग जुळून आला. ऑक्टोबर १९३९ मध्ये अमेरिकेहून परतताना, पॅसिफिक महासागरावरच्या विमानप्रवासात वालचंदांची ओळख विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी झाली. पॉली चीनमध्ये विमानं तयार करण्याचा कारखाना चालवत होता. चीनमध्ये होतं तर भारतात का नाही, हा विचार वालचंदांच्या डोक्यात बसला.

म्हैसूर संस्थानाने जागा आणि भांडवल दिलं. २३ डिसेंबर १९४० ला बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली आणि १९४१ मध्ये तिथं जोडलेलं पहिलं विमान उडालं. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा वाटा विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला. आज आपण जिला एचएएल म्हणतो, ती हीच.

जहाजांचंही तसंच. २१ जून १९४१ ला विशाखापट्टणमला डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते जहाज कारखान्याची पायाभरणी झाली. तिथं बांधलेलं जलउषा हे जहाज १४ मार्च १९४८ ला पंडित नेहरूंनी पाण्यात सोडलं.

विमान झालं, जहाज झालं. ज्या गाडीसाठी हा सगळा खटाटोप सुरू झाला होता, ती मात्र अजून अडकलेलीच होती.

कुर्ल्याची प्रीमिअर

१९४४ मध्ये वालचंदनी प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला आणि जोडीला क्रायस्लरचं तंत्रज्ञान. १९४७ साली तिथून पहिली गाडी बाहेर पडली. डॉज, प्लिमथ, डिसोटो अशा अमेरिकन नावांच्या गाड्या कुर्ल्यात तयार व्हायला लागल्या.

इथं थोडं थांबायला हवं. या पहिल्या गाड्याही बाहेरून आलेल्या भागांवरच उभ्या होत्या. म्हणजे शिवडीत चालायचं तेच कुर्ल्यात. मग फरक काय?

फरक पुढच्या पायरीचा होता. प्रीमिअरने १९४९ पासून गाडीचे भाग इथंच बनवायला घेतले. एकेक भाग बाहेरचा कमी आणि घरचा जास्त, अशी ती वाटचाल होती. जोडणी ही सुरुवात होती, मुक्काम नव्हता. १९५३ मध्ये भारत सरकारनेही हेच धोरण घेतलं. ज्या कंपन्यांना नुसती जोडणी करायची आहे, भाग इथं बनवायचे नाहीत, त्यांनी गाशा गुंडाळावा. त्यानंतर शिवडीचा जनरल मोटर्सचा कारखाना बंद पडला आणि कुर्ल्याचा चालू राहिला.

हे बघायला वालचंद नव्हते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते कामातून बाजूला झाले. अखेरच्या काळात पत्नी कस्तुरबाई सोबत होत्या. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूर इथं वयाच्या सत्तराव्या वर्षी ते गेले. कारखाने त्यांच्या भावांनी पुढे चालवले.

फियाटशी करार होऊन कुर्ल्यात फियाट ११०० बनू लागली. तीच पुढे १९७४ मध्ये प्रीमिअर पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून आपण जिला ओळखतो, ती पद्मिनी. २००३ मध्ये नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

याला दुसरी बाजूही आहे. स्वदेशी कारखान्यांना संरक्षण मिळालं, त्याची किंमत गिऱ्हाइकाने मोजली. गाडी नोंदवायची आणि कित्येक वर्षं वाट बघायची, असा तो काळ. मॉडेल तेच, बदल नावापुरते. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि लोकांनी तिकडे धाव घेतली. गाडी घरची आहे एवढ्यावर ती चांगली ठरत नाही, हेही याच कारखान्याने दाखवलं.

आता इलेक्ट्रिक गाडीकडे

आज सोलापुरातल्या एखाद्या गॅरेजवाल्याने बॅटरीची छोटी कार केली, तर त्याच्यासमोर अडचणी तशाच उभ्या राहतात.

पहिली अडचण भागांची. सांगाडा, सीट, वायरिंग इथं होतं. पण लिथियमच्या बॅटरीतले सेल, मोटरमधले शक्तिशाली चुंबक, कंट्रोलरमधल्या चिप यांपैकी बरंच काही अजून परदेशातून येतं. पेट्यांमधून येणारे भाग आठवतायत ना?

दुसरी अडचण मंजुरीची. २५० वॅटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या बॅटरीच्या दुचाकीला नोंदणी लागत नाही. चारचाकीला ही सवलत नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासणी, मग आरटीओची नोंदणी, मग विमा. एवढं झाल्याशिवाय घरी केलेली कार अक्कलकोट रोडवर कायदेशीरपणे आणता येत नाही. हा नियम इंग्रजांच्या नकारासारखा नाही. ब्रेक लागला नाही किंवा बॅटरी पेटली, तर जीव समोरच्याचाही जातो, म्हणून तो आहे. पण चाचणीचा खर्च कंपनीला झेपतो, एकट्या माणसाला नाही, हेही खरंच.

तिसरी अडचण संख्येची. एक गाडी हौसेने होते. हजार गाड्या करायच्या तर भाग पुरवणारे, ब्रेक तपासणारे, दुरुस्ती करणारे अशी माणसं आजूबाजूला उभी करावी लागतात. वालचंद स्वतः इंजिनीअर नव्हते. त्यांनी आयुष्यभर हीच माणसं आणि कारखाने उभे केले.

त्यामुळे पुढच्या वेळी घरी बनवलेल्या इलेक्ट्रिक कारचा व्हिडिओ समोर आला तर लाइक जरूर करा, त्या पोराच्या हाताला दाद द्या. आणि कमेंटमध्ये एवढं विचारा, की यातला कोणता भाग त्याने स्वतः बनवला आणि पुढचा कोणता बनवणार आहे.