घानाची नाट्यमाता : एफुआ सदरलंड

पश्चिम आफ्रिकेच्या सागरतीरावर केप कोस्ट नावाचे जुने नगर आहे. पुढे एफुआ सदरलंड या नावाने विख्यात झालेल्या नाटककर्त्रीचा जन्म तेथे २७ जून १९२४ रोजी झाला. आई लवकरच निवर्तल्यामुळे आजीने त्यांचे संगोपन केले. उच्च शिक्षणासाठी त्या इंग्लंडला गेल्या आणि १९५१ साली मायदेशी परतून अध्यापन करू लागल्या. त्या वेळी तेथे इंग्रजांचे राज्य होते. ६ मार्च १९५७ रोजी तो देश स्वतंत्र होऊन घाना झाला.

स्वतंत्र राष्ट्राला स्वतःची रंगभूमी हवी, या ध्यासाने त्यांनी नाट्यमंडळी उभारली आणि १९६१ मध्ये आक्रा या राजधानीत नाट्यगृह उभे केले. परंतु आम्हांस त्यांची थोरवी विशेष जाणवते ती त्यांच्या स्त्रीपात्रांत.

'एडुफा' (१९६७) या नाटकातील धनाढ्य नायक, आपल्याऐवजी मरावयास कोण सिद्ध आहे, असे घरच्यांना थट्टेच्या मिषाने विचारतो. स्वतःवरचे मृत्यूचे संकट त्याला दुसऱ्यावर ढकलावयाचे असते. बेसावध पत्नी आंपोमा प्रेमाने होकार देते आणि त्या शब्दात बांधली जाते. मात्र अंतसमयी ती मौन सोडते. स्त्रीने वस्त्राआड जपावयाचे कमरेचे मणी ती पाहुण्यांदेखत पतीला अर्पण करते. तिचा प्राण वाचत नाही. पण पत्नीच्या निष्ठेवर जगू पाहणाऱ्या पुरुषाचे खरे रूप उघडे पडते.

'फोरिवा' (१९६७) या नाटकाची नायिका राजमातेची सुशिक्षित कन्या. भल्याभल्यांच्या मागण्या ती नाकारते. गाव जुन्या विधींत निजलेले असताना केवळ रूढी म्हणून लग्न करणे तिला मान्य नाही. उत्तरेकडून आलेला लाबारान नावाचा परका तरुण गावात पुस्तकांचे दुकान काढू पाहतो. गावाच्या उत्कर्षाची तळमळ दोघांना जवळ आणते. राजमाताही वृद्ध पुढाऱ्यांची भीड न धरता गावाला जागे करते.

जानेवारी १९९६ मध्ये एफुआ निवर्तल्या. तत्पूर्वीच आक्रातील ते नाट्यगृह पाडले गेले होते. त्याची प्रतिकृती लेगॉन येथील विद्यापीठात उभारण्यात आली. वास्तू अशा हलविता येतात. परंतु आंपोमाने सोडलेले मौन आणि फोरिवाने दिलेला नकार त्यांच्या नाटकांत अढळ आहेत. आमच्या विद्यार्थिनींनी त्यांपासून निर्भयता घ्यावी आणि विद्यार्थ्यांनी त्या नकाराचा मान राखण्यास शिकावे, एवढीच आमची इच्छा.