कर्मवीर भाऊराव पाटील : वियोगातही अखंड विद्यादान

नेमगिरीच्या सान्निध्यातील जिंतूरकर श्रावकांना कुंभोज हे नाव बाहुबली क्षेत्रामुळे परिचित आहे. तेथेच २२ सप्टेंबर १८८७ रोजी जैन कुटुंबात भाऊरावांचा जन्म झाला. १९१९ साली त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. त्या मुलांच्या अन्नासाठी धर्मपत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. मुलांची माऊली गेली. परंतु भाऊरावांनी शोक उरात ठेवून कार्य थांबू दिले नाही. १९३५ साली अध्यापक विद्यालय, १९४७ साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभे राहिले. ९ मे १९५९ रोजी ते कालवश झाले. त्यांच्या कीर्तीत लक्ष्मीबाईंच्या त्यागाचा वाटा चिरंतन आहे.