लुईस ली फर्मोर

सर लुईस ली फर्मोर (१८ सप्टेंबर, १८८० – २४ मे, १९५४) हे ब्रिटिश भूवैज्ञानिक होते. त्यांची बहुतेक कारकीर्द भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेत गेली. मध्य भारतातील मँगेनीज धातुकांचा अभ्यास आणि खडकातील गार्नेट या खनिजावरून तो खडक किती दाबाखाली तयार झाला असावा हे ओळखण्याची कल्पना, यांसाठी ते प्रसिद्ध आहेत.

जीवन

फर्मोर यांचा जन्म लंडन येथे झाला. तेथील रॉयल स्कूल ऑफ माइन्स या संस्थेत शिक्षण घेतल्यानंतर १९०२ मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू झाले. १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात ते या संस्थेचे संचालक होते. इंग्रजी प्रवासलेखक पॅट्रिक ली फर्मोर (१९१५–२०११) हे त्यांचे पुत्र होत. वडील भारतात असल्याने पॅट्रिक यांचे बालपण इंग्लंडमध्ये त्यांच्यापासून दूर गेले.

महाराष्ट्रातील संशोधन

आजच्या नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील आणि लगतच्या बालाघाट व छिंदवाडा जिल्ह्यांतील मँगेनीजच्या खाणींचा फर्मोर यांनी सविस्तर अभ्यास केला. भारतातील मँगेनीज धातुकांवरील त्यांचा हजाराहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. या भागात आढळणाऱ्या, मँगेनीजयुक्त गार्नेट व क्वार्ट्झ यांनी बनलेल्या रूपांतरित खडकाला त्यांनी गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले.

भुसावळ येथे दगडी कोळशाच्या शोधासाठी १,२१७ फूट (सु. ३७० मी.) खोल छिद्र घेण्यात आले होते. त्यातून निघालेल्या बेसाल्टच्या नमुन्यांचे फर्मोर यांनी परीक्षण केले व लाव्हाचे २९ थर ओळखले. हे संशोधन १९२५ मध्ये प्रसिद्ध झाले. दख्खनचे पठार एकावर एक साचलेल्या अनेक लाव्हाथरांचे बनले आहे, हे त्यातून मोजमापासह दिसून आले.

गार्नेट : दाबाचे मापक

अग्निज खडक तयार होताना त्याचे तापमान किंवा त्यावरील दाब प्रत्यक्ष मोजता येत नाही. तो खडकातील खनिजांवरूनच ताडावा लागतो. १९१३ मध्ये फर्मोर यांनी गार्नेट हे दाबाचे मापक मानावे, असे सुचविले. एकाच रासायनिक संघटनाचा शिलारस भूपृष्ठाजवळ थिजला तर फेल्स्पार व पायरोक्सीन असलेला बेसाल्ट किंवा गॅब्रो बनतो. प्रचंड दाबाखाली मात्र त्याच द्रव्यापासून गार्नेट व पायरोक्सीन असलेला एक्लोजाइट बनतो. बेसाल्टची घनता दर घन सेंमी.ला सु. ३ ग्रॅम, तर एक्लोजाइटची सु. ३.४ ते ३.५ ग्रॅम असते. वाढत्या दाबाखाली कमी जागा व्यापणारी खनिजे टिकून राहतात, हे त्यामागील कारण होय. यावरून कवचाच्या तळाशी गार्नेटयुक्त जड खडकांचा पट्टा असावा, असे अनुमान त्यांनी मांडले.

या कल्पनेला त्या काळी प्रयोगाचा आधार नव्हता. इतका दाब व उष्णता एकत्र निर्माण करणारी उपकरणे उपलब्ध नसल्याने फर्मोर यांचा भर खनिजांच्या घनतेच्या व आकारमानाच्या गणितावर होता. बेसाल्टचे एक्लोजाइटमध्ये होणारे रूपांतर १९६० च्या दशकात प्रयोगशाळेत तपासले गेले, तेव्हा त्यांच्या निधनाला काही वर्षे उलटली होती. मात्र, केवळ गार्नेट आढळणे हा जास्त दाबाचा पुरावा ठरत नाही, हेही स्पष्ट झाले. मँगेनीजयुक्त गार्नेट तुलनेने कमी दाबातही तयार होते. त्यामुळे आज गार्नेट व त्यासोबतची खनिजे यांच्या रासायनिक संघटनावरून दाब काढला जातो.

तापमानासाठी हेच तत्त्व झिरकॉन या खनिजाला लावले जाते. शिलारस निवत जातो तशी झिरकॉन विरघळवून ठेवण्याची त्याची क्षमता घटते. त्यामुळे खडकातील झिर्कोनियमचे प्रमाण व शिलारसाचे संघटन यांवरून झिरकॉनचे स्फटिक कोणत्या तापमानाला बनू लागले, याचा अंदाज करता येतो. ही पद्धत १९८३ मध्ये मांडली गेली. झिरकॉनच्या स्फटिकात शिरलेल्या टायटॅनियमचे प्रमाण तापमानाबरोबर वाढते, यावर आधारलेली दुसरी पद्धत २१ व्या शतकात विकसित झाली. ग्रॅनाइटसारख्या खडकांसाठी या पद्धती विशेष उपयोगी आहेत. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व व दक्षिण भागांत दख्खनचा बेसाल्ट संपून असे प्राचीन ग्रॅनाइट उघडे पडलेले आहेत. बेसाल्टी शिलारसात झिरकॉन सहज विरघळत असल्याने बेसाल्टमध्ये त्याचे स्फटिक क्वचितच बनतात.

सन्मान

फर्मोर १९३३ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसचे अध्यक्ष होते. १९३४ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १९३५ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या, पुढे भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेचे ते पहिले अध्यक्ष होते. छिंदवाडा जिल्ह्यातील सीतापार येथील मँगेनीज खाणीत आढळलेल्या एका खनिजाला १९१० मध्ये त्यांच्या सन्मानार्थ ‘फर्मोराइट’ हे नाव देण्यात आले.